आई-बाबांना "तुमचा मुलगा पकडलाय" असा फोन आला, आता घरात नेमकं काय ठरवायचं?

डिचोलीचा थोरला:

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे पण कृपया पूर्ण वाचा, मला खरंच सल्ला हवाय.

आमचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, गावात आई-बाबा दोघंच असतात. बाबा ७४, मराठी प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, आई ६९. मी नोकरीला पुण्यात आणि धाकटा भाऊ क्रूझवर, नऊ नऊ महिने तारवावर असतो. गेल्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला आई अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटी करत होती, बाबा जेवून आडवे झाले होते आणि आईच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. डीपीला खाकी वर्दीतला माणूस, नंबर अधिक ९२ ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने सुरू होणारा, पण हे आम्ही नंतर बघितलं, तिला काय कळणार त्यातलं. पलीकडचा हिंदीत बोलत होता, क्राइम ब्रँचमधून बोलतोय, आपका लड़का पकड़ा गया है, चार लड़के थे, ड्रग्स का केस है.

मी नंतर आईला शेजारी बसवून तो कॉल शब्द न शब्द विचारून घेतला आणि ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या माणसाला आमच्याबद्दल काहीएक माहिती नव्हती. तो म्हणाला, "आपका बेटा बाहर काम करता है ना?" आई म्हणाली, "हां, शिप पर." तो लगेच, "वही, शिप वाला." मग म्हणाला, "नाम क्या है उसका, कन्फर्म कीजिए." आईने नाव सांगितलं. तो म्हणाला, "हां हां, यही नाम लिखा है." आणि मग रडण्याचा आवाज, मम्मी मुझे बचा लो, ये लोग मार रहे हैं. आई शपथेवर सांगते की तो आवाज त्याचाच होता. माझा भाऊ जन्मात कधी आईला मम्मी म्हणाला नाही आणि घरात तर आम्ही कोकणीच बोलतो, पण त्या क्षणाला तिच्या हे डोक्यातच आलं नाही.

तिने बाबांना उठवलं. त्या माणसाने त्यांना सांगितलं की ५०,००० दिले तर नाव केसमधून काढतो, बाहेर पत्रकार उभे आहेत, फोन कट केला तर एफआयआर, आणि कुणाला सांगितलं तर मुलाचं करिअर संपलं, पासपोर्ट जप्त. बाबांकडे गुगल पे नाही. ते फोन चालू ठेवून शर्टच्या खिशात घालून भर उन्हात देवळाकडच्या दुकानावर गेले, शर्टाची बटणं उघडी, पायात आईच्या चपला. दुकानातल्या मुलाला म्हणाले, मला २५,००० पाठव ह्या नंबरवर, संध्याकाळी रोख देतो. सरांनी सांगितलं म्हणून त्याने पाठवले. पंधरा मिनिटांनी परत २५,००० म्हणाले तेव्हा त्या मुलाने बघितलं की सरांचे ओठ थरथरतायत आणि खिशातून कुणाचा तरी आवाज येतोय, मग त्याने हातातलं काम टाकून आत जाऊन मला फोन केला. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. खातं त्याचं म्हणून त्यानेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल केला, मी इकडून सांगत होतो आणि तो करत होता. भावाचा रिप्लाय रात्री आठला आला, तो समुद्रात होता, त्याला काहीच माहीत नाही.

२५,००० गेले त्याचं दुःख आहेच पण त्याहून जास्त काळजी बाबांची वाटते. त्या दिवसापासून फोन वाजला तरी हातात घेत नाहीत, गुरुवारी भजनाला गेले नाहीत, जेवणही कमी झालंय. एकच वाक्य म्हणतात, पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि मलाच कळलं नाही. तर माझा प्रश्न असा की तुम्ही लोकांनी आपापल्या घरात नेमकं काय ठरवलंय? सावध राहा, अनोळखी नंबर उचलू नका हे सगळं मी दोन वर्षं सांगत होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आणि भावाला समुद्रात फोन लागत नाही, मग खात्री कुठून करायची?

काउंटरवरची ताई:

दादा, आधी बाबांना सांगा की त्यांची काहीही चूक नाही. मी फोंड्याला बँकेत काउंटरवर बसते, बँकेचं नाव घेत नाही, आणि डॉक्टर, इंजिनियर, मिलिटरीतून रिटायर झालेले असे सगळ्या प्रकारचे लोक आमच्यासमोर असे उभे राहिलेले मी बघितलेत. शिक्षण कमी पडतं म्हणून होत नाही हे, मुलाचा जीव म्हटल्यावर माणूस हिशेब करत नाही.

मला आता ते लांबून ओळखू येतात. खिशात नाहीतर पिशवीत फोन चालू असतो, नजर देत नाहीत, एफडी मोडायची म्हणतात आणि कशाला विचारलं की पाठ केल्यासारखं "घराचं काम काढलंय" म्हणतात, कारण पलीकडच्याने तेच सांगायला लावलेलं असतं. गेल्या पावसात एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, पासबुक धरलेला हात इतका कापत होता की ते काउंटरवर टकटक वाजत होतं. मी मोठ्याने काही विचारलं असतं तर पलीकडच्याने ऐकलं असतं. मी पैसे काढायची स्लिप उलटी केली आणि मागे लिहिलं, "फोन चालू आहे का? मान हलवा." त्यांनी मान हलवली. मी लिहिलं, "मुलाचा नंबर इथे लिहा." त्यांनी लिहिला, मी आत जाऊन फोन लावला, मुलगा वेर्ण्याला कंपनीत ड्यूटीवर होता, जेवत होता. तो आवाज स्पीकरवर ऐकल्यावर त्या खाली बसल्याच, आम्हाला पाणी द्यावं लागलं. तुमच्या दुकानातल्या मुलाने जे केलं तेच हे, म्हणून म्हणते की गावातल्या दुकानदाराला, पोस्टातल्या माणसाला, बँकेतल्या ओळखीच्याला तुम्ही आधीच सांगून ठेवा की आमचे बाबा घाईत पैसे पाठवायला आले तर आधी मला एक कॉल करा. यात लाज कसली.

आता पैशांचं. १९३० ला लवकर कॉल केला हे फार चांगलं झालं. तिथे तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवतात आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी होल्ड होते. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच खात्यांत असे पटापट फिरवतात आणि कुठून तरी एटीएममधून काढतात, म्हणून मिनिटाला किंमत आहे, उद्या सकाळी बघू म्हटलं की संपलं. त्या मुलाला सांगा की यूपीआयचा बारा आकडी ट्रान्झॅक्शन नंबर आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जपून ठेव, काही डिलीट करू नको, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार पूर्ण कर, तो जो अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर मिळतो तो पुढे सगळीकडे लागतो. होल्ड झालेले पैसे आपोआप परत येत नाहीत, पोलिसांच्या आणि लागलं तर कोर्टाच्या प्रक्रियेतून येतात, वेळ लागतो पण पाठपुरावा सोडू नका. गोव्यात सायबर क्राइमचं पोलिस स्टेशन रायबंदरला आहे, तिथेही जाऊन या.

आणि एक, हे आधी सांगायला हवं होतं, पुढच्या काही दिवसांत बाबांना किंवा त्या मुलाला "आम्ही सायबर सेलमधून, तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा" असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्याचा नंबर हे लोक पुढे देतात. तोही फ्रॉडच.

घरी आम्ही काय केलंय तर सासऱ्यांच्या यूपीआयच्या खात्यात दहा-बारा हजारांवर शिल्लक ठेवत नाही, पेन्शन दुसऱ्या खात्यात येते, त्या खात्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही. त्यांना अजिबात राग आला नाही, उलट बरं झालं म्हणाले.

मडगावचा मी:

सरळ स्मार्टफोन काढून घ्या आणि बटणवाला साधा फोन द्या. माझ्या आज्याला मी तोच दिलाय.

डिचोलीचा थोरला:

ताई, खूप खूप आभार, स्लिपच्या मागे लिहिण्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मडगावच्या भावा, तुझा हेतू चांगला आहे पण ते नाही जमणार. आईचा नातू पुण्यात आहे, रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की व्हिडिओ कॉल करून ती त्याला परवचा म्हणायला लावते. तो फोन घेतला तर फ्रॉडवाल्याने २५,००० नेले आणि उरलेलं मी नेलं असं होईल. आणि अशी थाप साध्या फोनवरही मारता येतेच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपच लागतं असं थोडंच आहे.

म्हापशाचा वकील:

मी म्हापशाला प्रॅक्टिस करतो. कायद्याचा भाग नीट सांगतो कारण यात एक मेख आहे आणि ती लोकांना कोणी सांगत नाही.

आपण घरच्यांना सांगतो की पोलिस कधी असा फोन करत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. खरोखर अटक झाली तर घरच्यांना किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा डी. के. बसू निकाल आहे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. म्हणजे खऱ्या अटकेत फोन येऊच शकतो. फ्रॉडवाले बरोबर ह्या फटीतून आत घुसतात. तर फरक कुठे ओळखायचा? खरा पोलिस कुठल्या स्टेशनला ठेवलंय ते सांगतो आणि या म्हणतो. तो तुम्हाला फोनवर धरून ठेवत नाही, उलट त्याला फोन लवकर ठेवायचा असतो. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, ते थेट संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. जामीन द्यायचा तर त्याला जातमुचलका असतो, जामीनदार असतो, कागद असतात, सह्या असतात. ड्रग्सच्या केसमधून फोनवर पैसे घेऊन नाव काढायचं अशी कुठलीही पद्धत नाही, आणि जो तसं म्हणतो तो खरा पोलिस असला तरी लाच मागतोय, म्हणजे तेव्हाही पैसे द्यायचे नाहीतच.

त्यामुळे मी आमच्या आईला एकच प्रश्न शिकवलाय, "खंयचें पोलिस स्टेशन?", म्हणजे कुठलं पोलिस स्टेशन. तो नाव सांगेल. मग म्हणायचं, "बरें, हांव थंय येतां," म्हणजे मी तिथे येते, आणि फोन ठेवायचा. खोटं बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, उद्धटपणा करायचा नाही. मग दुसऱ्या फोनवरून मला किंवा ११२ ला लावायचा. गोवा एवढंसं आहे हो, कुठल्याही स्टेशनला माणूस तासा-दीड तासात पोचतो, त्या तासात कोणाचंही करिअर संपत नाही.

डिजिटल अरेस्टवालेही याच जातीचे, तिथे आई-बाबांनाच आरोपी करतात आणि व्हिडिओ कॉलवर दिवसच्या दिवस बसवून ठेवतात. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यातच नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं, तो भाग आई-बाबांना ऐकवा, मुलाने सांगितलेल्यापेक्षा त्यांना ते जास्त पटतं हा माझा अनुभव आहे.

तारवट्याची बायको:

दादा तुमचा जहाजाचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून मी लिहिते, माझे मिस्टर बारा वर्षं टँकरवर आहेत, आणि ज्या घरातलं माणूस समुद्रात असतं त्या घराला असा फोन सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण आपण खात्री करायला फोन लावतो आणि तो लागत नाही, मग आपणच आणखी घाबरतो, बघ लागत नाही म्हणजे खरंच काहीतरी झालंय. फोन न लागणं हा पुरावा नाही हे सासूबाईंच्या मनावर बिंबवायला मला वर्ष लागलं.

आम्ही काय केलंय ते सांगते. जॉइन व्हायला जायच्या आदल्या दिवशी मिस्टर एक कागद करतात, त्यावर जहाजाचं नाव, कंपनीचं नाव, मुंबईच्या मॅनिंग एजन्सीचा, म्हणजे जहाजावर माणसं भरणाऱ्या एजन्सीचा ऑफिस नंबर आणि त्यांचा रात्रीचा इमर्जन्सी नंबर, आणि कोणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव. तो कागद देवाच्या खोलीत कॅलेंडरच्या मागे असतो, दर कॉन्ट्रॅक्टला नवा. एजन्सी सरकारकडे रजिस्टर असेल तर तिचा लायसन नंबर असतो, आरपीएसएल म्हणतात, तोही लिहून ठेवा. काहीही फोन आला की आम्ही मिस्टरांना नाही लावत, एजन्सीला लावतो. ते जहाजाला मेल करतात, बहुतेक वेळा तासा-दोन तासांत उत्तर येतं की माणूस ठीक आहे, ड्यूटीवर आहे.

आणि सासूबाईंना मी हे तर दहा वेळा सांगितलंय की जहाजावर खरंच काही झालं, आजारी पडले, लागलं, हॉस्पिटलला न्यावं लागलं, तर खर्च जहाजाच्या मालकाने करायचा असतो आणि घरी पाठवायचाही. हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे, एमएलसी २००६ म्हणतात, भारतानेही २०१५ मध्ये तो मान्य केलाय. म्हणजे तारवावरच्या माणसासाठी घरच्यांकडे पैसे मागितले जाणं हेच मुळात उलटं आहे. जो मागेल तो खोटा. हे एक वाक्य त्यांना फार आवडलं, शेजारणींना सांगत असतात.

दुसरं म्हणजे घरची खूण. आम्ही एक प्रश्न ठरवलाय, तो इथे लिहीत नाही, पण कसा निवडला ते सांगते. आधी आम्ही गावच्या देवाचं नाव ठेवलं होतं, मग लक्षात आलं की ते फेसबुकवर प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असतं. वाढदिवस, मुलांची नावं, कुलदैवत, शाळा, काही नको. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना एका वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली होती, ती फक्त आम्हा पाच जणांना माहीत आहे, त्यावरून प्रश्न केलाय. आणि तो विचारायचा कोकणीतून. कोणी हिंदीत रडत असेल तर आपण कोकणीत विचारायचं, "तूं कोण? खंय आसा?", म्हणजे तू कोण, कुठे आहेस. आपलं माणूस कितीही घाबरलेलं असलं तरी घरच्या भाषेतच उत्तर देईल ना.

पेडणे ते जर्सी:

मी अमेरिकेत असतो, आई-पप्पा पेडण्याला. इकडे ह्या प्रकाराला फॅमिली इमर्जन्सी स्कॅम म्हणतात, आजी-आजोबांना नातवाच्या नावाने फोन येतात, तोच साचा, अपघात झाला, जेलमध्ये आहे, मम्मी-पप्पांना सांगू नको. एफटीसी म्हणून इथलं ग्राहक संरक्षणाचं सरकारी खातं आहे, त्यांनी मार्च २०२३ मध्ये लोकांना सावध केलं होतं की आता एआयने आवाजाची नक्कल करतात, सोशल मीडियावरचा छोटा क्लिपसुद्धा पुरतो. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज तयार करणारं मॉडेल दाखवलं होतं. तेव्हा आवाज ओळखला ना, मग खरं, हे आता धरून चालता येत नाही.

पण दादा, तुमच्या आईचं वाचून मला वाटत नाही की तिथे एआय वगैरे होतं. रडताना सगळ्यांचा आवाज सारखाच लागतो आणि नाव कानात असलं की आपलं मन उरलेलं भरतं. जपानमध्ये हा धंदा वीस वर्षांपूर्वीपासून आहे, तिथे त्याला "ओरे ओरे" म्हणतात, म्हणजे "मी, मी बोलतोय". फोन करणारा नाव सांगतच नाही, फक्त मी आहे म्हणतो, आणि आजीच विचारते, अरे अमुक का तू? बस, नाव मिळालं. आपल्याकडे "मामा, वळखलो मरे?", म्हणजे मामा, ओळखलंस ना, असा फोन येतो तो हाच. म्हणून मी आई-पप्पांना सांगितलंय की नाव आपण पुरवायचं नाही, समोरच्याने सांगायचं. "कोण मुलगा? मला दोन आहेत, नाव सांगा." एवढं विचारलं तरी पुष्कळ जण तिथेच अडकतात.

व्हॉट्सअ‍ॅपला प्रायव्हसीत कॉल्समध्ये जाऊन अनोळखी कॉलर सायलेंट करता येतात, ते करून ठेवलंय. मात्र तुमचा भाऊ बंदरावर उतरून नवीन सिमवरून फोन करत असेल तर तोही वाजणार नाही, लिस्टमध्ये दिसेल फक्त. त्याला सांगून ठेवा की आधी मेसेज टाक. आणि असा नंबर आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून जी सोय आहे तिथे कळवा, पैसे गेले नसतील तेव्हा.

काउंटरवरची ताई:

जर्सीच्या दादांनी लिहिलं ते अगदी खरं, आमच्याकडेही बहुतेक जण म्हणतात आवाज त्याचाच होता.

थोरल्या दादा, बाबा आता कसे आहेत? ते कळवा.

डिचोलीचा थोरला:

मंडळी, शनिवारी गावी आलो, आज निघायच्या आधी लिहितोय.

सगळ्यांचं लिहिलेलं मी प्रिंट काढून आणलं होतं, बाबांना मोबाईलवर वाचायचा कंटाळा आहे. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. वकील साहेबांच्या उत्तरात "खंयचें पोलिस स्टेशन" खाली रेघ मारली. काउंटरवरच्या ताईंचं डॉक्टर, इंजिनियरवालं वाक्य दोनदा वाचलं आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मला तो माणूस साहेब वाटला, साहेबाचा फोन आपण कसा ठेवणार. तेव्हा मला कळलं की मी दोन वर्षं चुकीचं शिकवत होतो. मी त्यांना संशय घ्यायला सांगत होतो, आणि त्यांची अडचण संशयाची नव्हतीच, दुपारपासून त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटतच होतं, पण मोठ्या माणसाचा फोन मधेच ठेवणं हे त्यांच्या पिढीला जमत नाही. मी त्यांना म्हटलं, बाबा, फोन कोणाचाही असो, कलेक्टरचा असो, तुम्ही ठेवलात आणि तो खरा निघाला तर मी स्वतः जाऊन त्याची माफी मागेन, ती जबाबदारी माझी. ह्या एका गोष्टीने त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

आता आमच्याकडे असं ठरलंय की फोन आला तर आईने बोलायचं आणि बाबांनी त्यांच्या फोनवरून मला लावायचा, किंवा उलट, पण एकाच फोनवर दोघांनी अडकायचं नाही. मी नाही उचलला तर दुकानातल्या मुलाला, तो नाही तर साखळीत राहणाऱ्या आत्याच्या मुलाला. बाबांनी हे सगळं कालनिर्णयच्या मागच्या पानावर त्यांच्या शाळेतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, वर १९३० लाल पेनने. एजन्सीचा नंबर भावाकडून मागवून घेतला, आणि इतक्या वर्षांत आमच्या घरात तो कोणाकडेच नव्हता हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय. दुकानातल्या मुलाच्या खात्यातून गेलेल्यातले ९,००० पुढे होल्ड झालेत असा निरोप आलाय, बाकीचं बघू. त्याचे पैसे बाबांनी त्याच संध्याकाळी कपाटातून काढून दिले होते.

घरची खूणही ठरवली. बाबांनीच प्रश्न निवडला, भाऊ लहानपणी विहिरीकडे एकदा हरवला होता त्यावरून. काल रात्री भावाचा फोन आला, बंदरावरून, नवीनच नंबर. बाबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतः फोन उचलला आणि हॅलोच्या आधी प्रश्न विचारला. भावाला उत्तरच येईना. मी त्याला चार दिवसांपूर्वी मेसेज केला होता, त्याने बघून ओके टाकलं होतं आणि विसरला होता. बाबा म्हणाले, "बरें, फोन दवरतां," आणि खरंच ठेवला. मग मी त्याच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, त्याने तिथून कॉल केला, तेव्हा कुठे बोलणं झालं, आणि बाबांनी त्याला आधी दहा मिनिटं तो विहिरीचा प्रसंग पूर्ण सांगितला, त्याने काय घातलं होतं, कोणी शोधून आणलं, आई किती रडली. भाऊ तिकडे गप्प ऐकत होता.

त्यामुळे आता ठरलंय की दर रविवारी भावाला विचारायचं. बाबा ह्या गुरुवारी भजनाला जाणार म्हणतायत, तिथे सगळ्यांना सांगायचंय म्हणून प्रिंट ठेवून जा म्हणाले. ठेवून चाललोय.